डावी बाजू

नाही नाही, दमली म्हणून नाही बसली मी इथं — तू तुझ्या सायकलवाल्यांच्या सर्व्हेत ते ‘विश्रांती’ लिहून राहिली न, ते खोड आधी. चोपन वर्षं झाली मले, पण प्रतापनगरपासून या एलएडी चौकापर्यंत दम लागंल अशी नाही मी अजून. नाव लिह — गोपिका रेवतकर. काम? पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सदरले. सव्वीस वर्षं एकाच लॅबमध्ये. रक्त तपासायची मी — तपासायची, हो, आता नाही तपासत, आता काउंटरवर बसते, टोकन देते — ते नको लिहू, ‘लॅब टेक्निशियन’ लिह, पगारपत्रकावर अजून तेच आहे. किती किलोमीटर? आठ-साडेआठ धर. शंकरनगर, लॉ कॉलेज चौक, मग सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून निघाली की सदर. अन् हे काय लिहिलं खाली, बारीक अक्षर आहे बापा — ‘सायकल वापरण्याचे कारण’? आरोग्य, पर्यावरण, पेट्रोलची बचत, इतर. यातलं एकही नाही. ‘इतर’वर खूण कर. अन् समोर लिह — मुग्धा.

आता मुग्धा कोण म्हणून विचारशील तू. तू नाही विचारणार, तुझ्या मोबाइलमध्ये तेवढी जागाच नाही, पण मी सांगते, बस न, उभी काहून आहे? मुग्धा आमच्या लॅबमध्ये रक्त काढते. पेशंट खुर्चीवर बसला की हात धरणार, नस पाहणार, सुई लावणार, नळीत रक्त भरणार, अन् नळीवर नावाचं स्टिकर लावणार. मग ती नळी माझ्याकडे. नऊ वर्षं आमचं असं — तिच्या हातातून माझ्या हातात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घरात ती अन् तिची चिन्मयी, दोघीच. मागच्या जानेवारीत तिची शुगर निघाली. म्हणजे मीच काढली न, माझ्यासमोरच रिपोर्ट आला. डॉक्टरनं सांगतलं, चाला, सायकल चालवा, नाही तर गोळ्या वाढवतो. ही रडकुंडीले आली. ‘ताई, मला रस्त्याची भीती वाटते, मी एकटी नाही जाणार, लोक हसतील.’ मी म्हटलं, हसू दे न वं. मी येते तुझ्यासोबत. तिची स्कूटी होती, माझी बी होती. मले काही शुगर नव्हती, बीपी नव्हता, मले सायकलची गरजच काय? पण आमचं गाव नरखेडकडचं, शाळेत सहा किलोमीटर जायची मी सायकलनं, संत्र्याच्या बागांच्या मधून, कॅरिअरवर धाकट्या बहिणीले बसवून. म्हटलं, माणसाले एकदा आलेली सायकल कुठं जाते?

तं अशी सुरू झाली. फेब्रुवारीत. पहिल्या दिवशी ती माझ्या मागं, माझ्या चाकाकडं पाहत. लॉ कॉलेज चौकात सिग्नल सुटला तं ही उतरून पायी! मागून हॉर्नवर हॉर्न. मी वळून आली, तिच्या सायकलच्या मुठीवर हात ठेवला, म्हटलं, चाल, मी आहे. पंधरा दिवसांत तं वाघीण झाली — माझ्या बरोबरीनं चालवायले लागली, बोलायले लागली. अन् हे पाहा, एक गोष्ट कोणी सांगत नाही, तुमच्या फॉर्मातही नाही. स्कूटीवर दोन माणसं बोलू शकत नाही. हेल्मेट राहते, घाई राहते, ओरडावं लागते. सायकलवर बोलता येते. चेहऱ्याकडं पाहावं लागत नाही न, समोर पाहायचं अन् बोलायचं — मग माणूस असं काही बोलून जाते की घरात, ताटावर, कधी नाही बोलणार. तिनं मले तिच्या नवऱ्याचं सांगतलं, तो काहून गेला ते. मी तिले माझ्या पोटातलं पहिलं गेलं ते सांगतलं. पंचवीस वर्षांत कोणाले सांगतलं नव्हतं.

अन् मग डोळ्याचं. ते मी सांगतलं नव्हतं. ते तिनंच पकडलं.

मार्चची गोष्ट. शंकरनगरजवळ डावीकडच्या गल्लीतून ई-रिक्षा आली, बेल वाजवत, अन् मी सरळ तिच्या अंगावर. मुग्धानं माझा ड्रेस मागून ओढला म्हणून वाचली. ‘ताई, तुम्हाला ती दिसली नाही?’ मी म्हटलं, लक्ष नव्हतं. ती म्हणाली, ‘काल ती गाय पण नाही दिसली तुम्हाला. परवा तो पोळ्यांचा डबा टेबलावर डावीकडे होता, तुम्ही शोधत होत्या.’ आता काय लपवू? मले माहीत होतं न. मी स्वतःच गेली होती डोळ्याच्या डॉक्टरकडे दोन महिन्यांआधी, एकटी. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं होतं. गेलेलं परत येत नाही म्हणे, राहिलेलं टिकवायचं, रोज ड्रॉप. उजवा चांगला, एकदम चांगला — अन् मायक्रोस्कोपमध्ये मी उजव्यानंच पाहते, पहिल्यापासून. कामात फरक नव्हता. पण हे कोणाले पटवून देऊ? लॅबमध्ये डोळा म्हटलं की संपलं. सव्वीस वर्षं लोक म्हणत आले, गोपिकाबाईनं पाहिलं म्हणजे पाहिलं. दुसरं काय होतं माझ्याजवळ सांगायसारखं?

तिथं, फुटपाथवर, सायकली आडव्या करून, तिनं माझा हात धरला. म्हणाली, ‘मी कोणाला सांगणार नाही. चिन्मयीची शप्पथ. आजपासून मी तुमच्या डावीकडून चालवीन. तुमचा डावा डोळा मीच.’ असं म्हणाली. शब्दाले शब्द सांगते. मले रडू आलं वं. इतक्या वर्षांत कोणी माझ्यासाठी कोणत्या बाजूनं चालावं याचा विचार केला नव्हता.

अन् चालली ती. सात महिने, उन्हातान्हात, पावसापाण्यात, माझ्या डावीकडून. ‘ताई, गड्डा.’ ‘ताई, कुत्रं.’ ‘ताई, थांबा, कारचा दरवाजा उघडला.’ मी मान बी नव्हती वळवत. तिच्या आवाजावर चालवायची सायकल.

आता काय वाटते सांगू? ऐक. रस्त्यावर गाड्या कोणत्या बाजूनं येतात? उजवीकडून न? डावीकडे काय राहते — फुटपाथ. म्हणजे सात महिने ती फुटपाथकडून होती अन् ट्रकच्या बाजूले मी होती. माझ्या डोळ्याची जागा घेतली अन् रस्त्याची चांगली बाजू बी घेतली. असं मनात येते. तेव्हा नव्हतं आलं. तेव्हा मी देवाले म्हणायची, याहून जास्त काही नको मले. आता एक-एक गोष्ट उलटी करून पाहते मी, अन् सगळ्याच उलट्या निघतात. आमच्याकडे संत्र्याचं तसंच होते — वरून पिवळं धमक, अन् एकानं दगा दिला की माणूस सगळी पेटी पालथी घालून दाबून-दाबून पाहते.

ऑक्टोबरमध्ये झालं. डेंग्यूची साथ, लॅबमध्ये पाय ठेवायले जागा नाही. त्यात पेशी मोजायचं मशीन बंद पडलं सकाळीच. म्हणजे सगळं हातानं — काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली प्लेटलेट मोजायच्या. पन्नास-साठ काचा. मले तं मजा येऊन राहिली होती, खोटं नाही सांगत. त्या दिवशी दोन ढोबळे आले एकामागं एक. एक माणूस, चाळीसचा, अन् एक अकरावीतली पोरगी. नात्यातले नाही, नुसतं आडनाव एक. मुग्धा मोबाइल कान अन् खांद्यामध्ये धरून रक्त काढून राहिली होती — चिन्मयीच्या क्लासचं काहीतरी होतं. अन् स्टिकरं बदलली. पोरीचं माणसाच्या नळीवर, माणसाचं पोरीच्या नळीवर.

मी मोजलं. एका काचेवर बावीस हजार, म्हणजे जिवाले धोका, दुसऱ्यावर दोन लाख. बरोबर मोजलं. पण बावीस हजार गेले माणसाच्या नावानं, तो ठणठणीत माणूस दवाखान्यात भरती झाला. अन् पोरीले ‘सगळं ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त थांबेना. पाच दिवस आयसीयूत होती. वाचली. — हो, वाचली, घाबरू नको. मले आधी तेच सांगाले पाहिजे होतं.

तिचा बाप दोन्ही रिपोर्ट घेऊन आला. ओरडला नाही. नुसता उभा राहिला काउंटरपाशी, अन् तो कागद असा, असा टेबलावर सरळ करत राहिला हातानं.

साहेबांनी आम्हा दोघींले केबिनमध्ये बोलावलं. नळ्या तं तोपर्यंत फेकल्या गेल्या होत्या, पुरावा काही नाही. एक तं स्टिकर चुकलं, नाही तं काचेवरचा नंबर. स्टिकर तिचं, नंबर माझा. साहेब म्हणाले, ‘कोणाची चूक ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.’ मी गप्प होती, कारण मले वाटलं मुग्धा बोलंल. ती बोलली. डोळ्यांत पाणी आणून, अगदी हळू. ‘सर, ताईंना डावीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे. मला सात महिन्यांपासून माहीत आहे. मी आधीच सांगायला हवं होतं, सर, माझंच चुकलं.’

माझंच चुकलं म्हणाली! समजलं का तुले? माफी मागून देल्लं माझं नाव. स्टिकरचा एक शब्द नाही, मोबाइलचा नाही — अन् उलट तीच गुन्हेगार, ताईले पाठीशी घातलं म्हणून. साहेब माझ्याकडं पाहून राहिले. सव्वीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं त्यांनी. विचारलं, ‘खरं आहे का हे?’ मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणू? खरंच होतं न. मग स्टिकरचं कोणी विचारलंच नाही. एका कागदावर माझी सही घेतली अन् दुसऱ्या दिवसापासून काउंटर. माझ्या स्टुलावर माझ्या हाताखालची मोनाली बसते आता. चांगली आहे पोरगी. काचा उन्हाकडं धरून पाहते, तसं करू नये, पण मी काही सांगत नाही.

रविवारी आली मुग्धा घरी. डबा घेऊन, मेथीचे पराठे. सोफ्यावर बसली नाही, दारातच उभी. ‘ताई, माझा नाइलाज होता. चिन्मयीची पुढच्या वर्षी बारावी आहे, मला काढलं असतं हो. तुम्हाला नसतं काढलं, तुम्ही सीनियर आहात. काढलं का? नाही ना?’ म्हणजे हिशेब बरोबर होता तिचा! मी म्हटलं, शप्पथ बी चिन्मयीचीच घेतली होती वं तू. डबा ठेवून गेली. तो डबा अजून आहे घरी, धुऊन ठेवला आहे, देणं होत नाही.

अन् तेवढ्यावर नाही थांबलं. हे — आमचे मालक — खापरखेड्याले पॉवर हाउसमध्ये आहेत, शिफ्ट ड्युटी. ते घरातच होते, आतून ऐकलं त्यांनी. ती गेल्यावर बाहेर आले. ‘कोणता डोळा?’ मी सांगतलं. ‘कधीपासून?’ सांगतलं. मग म्हणाले, ‘तू त्या बाईले सांगतलं, मले नाही.’ मी म्हटलं, सांगतलं नाही, तिनं पकडलं. ते म्हणाले, ‘मग मी काहून नाही पकडलं?’ अन् चप्पल घालून निघून गेले. माझ्यावर रागावले की स्वतःवर, अजून समजलं नाही. आता ड्युटीवरून आले की हात धुतात, माझ्या डोळ्यात ड्रॉप टाकतात, अन् टीव्ही लावतात.

सायकल नाही सोडली मी. सगळे म्हणतात सोड, डोळ्याचा डॉक्टर बी म्हणते सांभाळून. पण स्कूटी विकली न मी, एप्रिलमध्येच, मोठ्या तोऱ्यात. अन् तिनं बी नाही सोडली, पाहा तू! त्याच रस्त्यानं जाते, याच वेळेले. शुगर चांगली आली म्हणे. मग मी काय करते — इथं बसते. पंधरा मिनिटं. ती पुढं निघून जाऊ देते, मग निघते. आत्ता गेली न, तू मले गाठलं त्याच्या थोडं आधी? निळी सायकल, समोर टोपली, गुलाबी स्वेटर. तू तिले थांबवलं नाही? तिचा फॉर्म भरला? — काय लिहिलं तिनं कारणात? नाही, नको सांगू. ‘आरोग्य’ लिहिलं असंल.

इथं बसून मी रोज तेच करते — ती नळी आठवते. ऐक, तू सायन्सची आहे का? नाही? तरी समजंल. त्या पोरीच्या नसा बारीक होत्या. मुग्धाच सकाळी ओरडली होती, ‘ताई, या पोरीचं रक्तच निघेना, अर्धीच नळी भरलीये.’ मी ऐकलं होतं. अन् मग माणसाच्या नावाची नळी मी उचलली तेव्हा ती हलकी होती. माझ्या हाताले समजलं. अर्धी होती. माणसाची नळी अर्धी काहून, हे त्याच वेळी विचाराले पाहिजे होतं. अन् हे काही पहिल्यांदा नव्हतं — याच्याआधी तीन वेळा तिचं स्टिकर चुकलं, तिन्ही वेळा मी पकडलं, गुपचूप बदलून घेतलं, तिले कळू बी नाही देल्लं. मी प्रत्येक नळी समोरच्या फॉर्मसोबत लावून पाहायचीच, सव्वीस वर्षांची सवय. त्या दिवशी नाही पाहिली. ट्रे डावीकडं होता. नळी पाहायची तं मान पूर्ण वळवावी लागली असती. अन् मी मान वळवणं सोडलं होतं — लॅबमध्ये कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. सारखी मान वळवणारी बाई लोकांच्या नजरेत येते न. म्हणून हातानं चाचपून उचलायची. नळी हलकी लागली, मनात आलं बी, अन् मी म्हटलं, जाऊ दे, आत्ता मोनाली पाहून राहिली आहे, नंतर पाहू. नंतर पन्नास काचा होत्या.

म्हणजे स्टिकर तिचं होतं. तिचंच होतं. पण मी —

हे मी साहेबांले नाही सांगतलं. ह्यांले बी नाही. तिनं खोटं बोलून माझं नाव घेतलं, अन् त्या खोट्यात जेवढं खरं होतं तेवढं तिले बी माहीत नाही. तिले वाटते तिनं मले फसवलं. रोज माझ्यासमोरून खाली मान घालून जाते. जाऊ दे. मी कायले सांगू तिले?

त्या पोरीच्या घरी गेली होती मी. गिट्टीखदानले राहतात, फॉर्मवर पत्ता होता. मागच्या रविवारी, सायकलनंच. म्हटलं, बापाच्या समोर उभी राहीन अन् सांगीन, स्टिकरचं बी अन् मानेचं बी. दार पोरीनंच उघडलं. बारीक झाली होती, केस कापले होते. ‘कोण पाहिजे, काकू?’ म्हणाली. माझ्या तोंडातून निघालं, पत्ता चुकला वाटते. तिनं मले पाणी आणून देल्लं, ऊन होतं म्हणून. वरून विचारते, ‘सायकलनं आल्या तुम्ही? इतक्या दूर?’ मी पाणी प्याली. ग्लास तिच्या हातात देल्ला. अन् आली परत.

बंद कर तो मोबाइल. रेकॉर्ड नाही न करून राहिली तू? दाखव. — बरं. यातलं काहीच नको लिहू. किलोमीटर लिह, वय लिह, झालं. पुढचे प्रश्न राहू दे, मले सव्वानऊले टोकनची मशीन सुरू कराची असते. तो पाहा, लाल हेल्मेटवाला येऊन राहिला, त्याले थांबव, तो सांगंल तुले पर्यावरण-बिर्यावरण. जा न वं. अशी काय पाहून राहिली माझ्याकडं? जा.